आधी पुरवठा, मग मोजमाप

घरच्या टेबलावर मापनयंत्रे बांधायची हौस लागली की पहिला मोह पडतो तो सिग्नल जनरेटरचा, फ्रिक्वेन्सी काउंटरचा, नाहीतर थेट ऑसिलोस्कोपचा. हे पुस्तक त्याआधीच्या दोन वस्तूंविषयी आहे: एक रेग्युलेटेड पॉवर सप्लाय आणि एक छोटा अ‍ॅम्प्लिफायर. दोन्ही दिसायला साध्या आहेत, आणि बाहेरच्या माणसाला त्यांत कौतुकाचे फारसे काही सापडणार नाही. पण पुढे तुम्ही जे जे बांधाल ते याच सप्लायवर चालणार आहे, आणि त्यातले बरेचसे याच अ‍ॅम्प्लिफायरच्या स्पीकरवर ऐकून तपासले जाणार आहे. म्हणून सुरुवात इथूनच व्हावी, असा माझा आग्रह आहे.

आग्रहाचे कारण सांगतो. नवे सर्किट जोडले, स्विच दाबला आणि ते चाललेच नाही, तर दोष शोधताना निदान एक जागा अशी हवी की तिच्यावर शंका घ्यावी लागू नये. उतरत चाललेल्या ९ व्होल्टच्या बॅटरीवर काम करणाऱ्याला ती जागा मिळत नाही. बॅटरी जुनी होते तसा तिचा अंतर्गत रोध वाढत जातो. नुसता मल्टिमीटर लावला तर ती साडेआठ व्होल्ट दाखवते. सर्किटने करंट ओढला की तीच बॅटरी सहा-सातवर बसते. मग ऑसिलेटरची फ्रिक्वेन्सी सरकते, अ‍ॅम्प्लिफायर शिट्ट्या मारतो, आणि शिकणारा माणूस चांगला आयसी काढून दुसरा बसवतो. दोष बॅटरीचा असतो आणि तो मीटरला दिसलेला नसतो. अशा दोन-तीन रात्री गेल्या की पुष्कळ मुले हा नाद सोडून देतात. त्यांच्या हाती पहिल्याच महिन्यात एक भरवशाचा सप्लाय असता तर त्यातली बरीच टिकली असती, हे मी अनुभवाने म्हणतो.

बॅटरी नको, तर भिंतीतला प्लग आहेच. पण तोही डोळे मिटून विश्वास ठेवावा असा नाही. २३० व्होल्ट हा कागदावरचा आकडा आहे. रब्बीच्या दिवसांत शेतीपंप एकदम सुरू झाले की लाइनच्या टोकाला असलेल्या गावात १८० व्होल्ट मिळणे काही नवलाचे नाही. आता १५ व्होल्ट, १ अँपिअरचा ट्रान्सफॉर्मर घ्या. २३० व्होल्ट असताना त्याच्या सेकंडरीचे शिखर सुमारे २१ व्होल्टला जाते, ब्रिजचे दोन डायोड त्यातले दीड व्होल्ट खातात, आणि कपॅसिटरवर १९-२० व्होल्ट उरतात. त्यातून १२ व्होल्ट काढणे सोपे आहे. पण प्लगमध्ये १८० व्होल्ट आले की सेकंडरी पावणेबारावर उतरते, तिचे शिखर साडेसोळावर, आणि डायोड वजा जाता १५ उरतात. त्यात १ अँपिअरला ४७०० मायक्रोफॅरडच्या कपॅसिटरवर जवळपास २ व्होल्टची रिपल असते, म्हणजे दर १०० हर्ट्झच्या ठेक्यात व्होल्टेज क्षणभर १३पर्यंत खाली जाते. रेग्युलेटर आयसीला स्वतःच्या कामासाठी अडीच व्होल्ट हवे असतात. १३मधून अडीच गेले, उरले साडेदहा. सप्लायच्या तोंडावर १२ लिहिलेले आहे आणि आत गुरगुर सुरू झालेली आहे.

मल्टिमीटर यातले फारच थोडे सांगतो. तो सरासरी दाखवतो, आणि दरीच्या तळाशी क्षणभर काय होते ते त्याच्या आकड्यात मिसळून जाते. अ‍ॅम्प्लिफायर मात्र ते लगेच ऐकवतो. पुस्तकाच्या मुखपृष्ठावर या दोन वस्तू एकत्र का आहेत, त्याचे पहिले कारण हे.

दुसरे कारण अधिक खोल आहे आणि मला ते अधिक प्रिय आहे. रेग्युलेटर हा मुळात अ‍ॅम्प्लिफायरच असतो. एका ठिकाणी न हलणारे असे एक संदर्भ व्होल्टेज ठेवलेले असते. आउटपुटचा ठरावीक हिस्सा मागे आणून त्याच्याशी ताडून पाहिला जातो, आणि जो फरक निघेल तो वाढवून एका ट्रान्झिस्टरला दिला जातो. आउटपुट खाली गेले तर तो ट्रान्झिस्टर जास्त उघडतो, वर गेले तर मिटतो. ऑडिओ अ‍ॅम्प्लिफायरमध्येही नेमके हेच घडते. फरक एवढाच की तिथे संदर्भाच्या जागी गाणे असते आणि ते सतत हलत असते. पहिल्यात आउटपुटने स्थिर राहायचे, दुसऱ्यात गाण्यामागे जायचे. युक्ती एकच: परत येणारा हिस्सा, तुलना, दुरुस्ती.

ही युक्ती तुलनेने तरुण आहे. २ ऑगस्ट १९२७च्या सकाळी हॅरॉल्ड ब्लॅक हा बेल लॅबोरेटरीजचा इंजिनिअर फेरीबोटीने हडसन नदी ओलांडून न्यूयॉर्कला कामावर चालला होता. लांब पल्ल्याच्या टेलिफोन लाइनवरचे अ‍ॅम्प्लिफायर आवाज बिघडवत, आणि तो प्रश्न त्याच्या डोक्यात काही वर्षे घोळत होता. बोटीवर त्याला उत्तर सुचले: अ‍ॅम्प्लिफायरची ताकद गरजेपेक्षा पुष्कळ जास्त ठेवायची, आणि आउटपुटचा भाग उलटा फिरवून इनपुटला देऊन ती जादा ताकद दुरुस्तीसाठी खर्च करायची. हातात न्यूयॉर्क टाइम्सचा अंक होता, त्याच्याच पानावर त्याने आकृती आणि समीकरणे लिहून काढली. पेटंट कचेरीला ही कल्पना पटायला कित्येक वर्षे लागली. आज तुमच्या टेबलावरच्या तीन पायांच्या आयसीत तीच कल्पना काम करते, आणि स्पीकरमागच्या आठ पायांच्या आयसीतही.

तीन पायांचा तो आयसी म्हणजे एलएम ३१७. बॉब डॉबकिन यांनी तो नॅशनल सेमिकंडक्टरमध्ये असताना १९७६मध्ये घडवला, आणि आजही तो कुठल्याही इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानात मिळतो. त्याचे सगळे गणित १.२५ व्होल्ट या एका आकड्याभोवती फिरते. हा आकडा कुणी सोयीसाठी निवडलेला नाही. सिलिकॉन जंक्शनवरचे व्होल्टेज तापमान वाढले की दर अंशाला सुमारे २ मिलिव्होल्टने घटते. दोन जंक्शनांत वेगवेगळी करंट-घनता ठेवली तर त्यांच्यातला फरक मात्र तापमानाबरोबर वाढत जातो. घटणारे आणि वाढणारे योग्य प्रमाणात एकत्र केले की बेरीज तापमानाला दाद देत नाही, आणि ती बेरीज १.२ ते १.२५ व्होल्टच्या आसपासच येते, कारण तिचे मूळ सिलिकॉनच्या स्वतःच्या ऊर्जा-अंतरात आहे. बॉब विडलार यांनी १९७०च्या सुमारास ही पद्धत आयसीत वापरायोग्य करून दाखवली. अकोल्याचा मे असो की महाबळेश्वरचा जानेवारी, हा आकडा जागचा फारसा हलत नाही. आपल्या खोलीतल्या स्वस्तातल्या वस्तूंपैकी इतकी इमानी वस्तू दुसरी क्वचितच सापडेल.

याच आयसीविषयी एक बारीक गोष्ट आहे, आणि पुस्तकात ती अधोरेखित करून सांगितली आहे. आउटपुट आणि अ‍ॅडजस्ट या दोन पायांमधला रेझिस्टर पुष्कळ सर्किटांत २४० ओहमचा छापलेला असतो. ती किंमत मूळची एलएम ११७ या महागड्या भावाची. ३१७ला नीट ताब्यात राहण्यासाठी काही वेळा १० मिलिअँपिअरपर्यंत किमान लोड लागतो, आणि २४० ओहममधून फक्त ५ जातात. मग बाहेर काहीच जोडलेले नसताना व्होल्टेज आपोआप वर चढू शकते, आणि त्या चढलेल्या व्होल्टेजवर तुम्ही नवे सर्किट जोडता. १२० ओहम घाला, प्रश्न संपतो. नकारात्मक सप्लायसाठी एलएम ३३७ वापराल तेव्हा त्याचे पाय ३१७सारखे नाहीत हेही ध्यानात ठेवा. ३१७ची धातूची पाठ आउटपुटला जोडलेली असते, ३३७ची इनपुटला. दोन्ही एकाच हीटसिंकवर अभ्रकाचा वॉशर न घालता कसले, तर स्विच लावताक्षणी काय होईल ते सांगायला नको.

उष्णतेविषयी लिहिताना मी हात आखडता घेतलेला नाही, कारण आपल्याकडच्या हवामानात अर्धे सप्लाय उष्णतेपायीच मरतात. परदेशी पुस्तकांतली उदाहरणे २५ अंशांवर मांडलेली असतात. विदर्भातल्या पत्र्याच्या खोलीत मे महिन्यात ४५ अंश असतात. रेग्युलेटरमध्ये २० व्होल्ट येतात, तुम्ही ५ व्होल्ट काढता आणि १ अँपिअर ओढता, म्हणजे १५ वॉट त्याच्या अंगात जिरतात. हीटसिंक नसेल तर हा आयसी दर वॉटला सुमारे ५० अंश तापतो. ४५पासून १२५पर्यंत जायला ८० अंशांचे अंतर, म्हणजे १.६ वॉट झाले की मर्यादा आली. आणि आपण मागतो आहोत १५. बरे, हीटसिंक लावले, तरी आतल्या सिलिकॉनपासून पाठीच्या पत्र्यापर्यंतच दर वॉटला सुमारे ४ अंश जातात. १५ वॉटला ६०. ८०पैकी ६० आतच संपले. उरलेल्या २० अंशांत अभ्रकाचा वॉशर, पेस्ट आणि हीटसिंक या सर्वांनी मिळून १५ वॉट हवेत सोडायचे. हे तळहाताएवढ्या हीटसिंकचे काम नाही. आयसी जळत नाही, कारण आतले संरक्षण त्याला बंद करते; पण सप्लाय दर काही सेकंदांनी डोळे मिटतो, आणि दोष पुन्हा समोरच्या निरपराध सर्किटावर जातो. यावरचा इलाज महाग नाही. दोन टॅपचा ट्रान्सफॉर्मर घ्या, कमी व्होल्टेज हवे असेल तेव्हा खालचा टॅप निवडा. एका साध्या स्विचने उष्णता निम्म्याच्या आसपास येते.

आता अ‍ॅम्प्लिफायर. एलएम ३८६ निवडला तो स्वस्त आहे म्हणून, आणि ४ ते १२ व्होल्टवर आठ ओहमचा छोटा स्पीकर सहज चालवतो म्हणून. नुसता जोडला तर २० पट, पहिल्या आणि आठव्या पायामध्ये १० मायक्रोफॅरडचा कपॅसिटर घातला तर २०० पट. याच्या पुढे एक एफईटीचा टप्पा लावायचा आहे. ३८६चा इनपुट रोध ५० किलोओहमच्या घरात असतो, आणि तपासायच्या सर्किटला तो भार होतो. तपासणीचे यंत्र लावल्यामुळे समोरच्या सर्किटची वागणूक बदलता कामा नये. एफईटी लावला की १ मेगओहमपर्यंत जाता येते.

या अ‍ॅम्प्लिफायरला एक प्रोब जोडला की सिग्नल ट्रेसर तयार होतो. मुका रेडिओ दुरुस्तीला आला आहे असे धरा. व्हॉल्यूम कंट्रोलच्या मधल्या पायावर प्रोब ठेवा. स्पीकरवर स्टेशन ऐकू आले तर ट्यूनिंग, आयएफ, डिटेक्टर सगळे शाबूत आहे आणि दोष पुढच्या अर्ध्यात आहे. नाही आले तर मागच्या अर्ध्यात. एका स्पर्शात निम्मा रेडिओ संशयातून सुटतो. प्रोबच्या टोकाशी जर्मेनियम डायोड लावला की ४५५ किलोहर्ट्झच्या आयएफ टप्प्यांतही शिरता येते. महागड्या यंत्राशिवाय इतके नेमके निदान करणारे दुसरे साधन मला माहीत नाही, आणि जुन्या पिढीतल्या कित्येक मेकॅनिकांनी संसार चालवले ते असल्याच साधनावर.

पण या साधनाचा खरा गुण हा की ते कान तयार करते. नुसत्या अ‍ॅम्प्लिफायरच्या इनपुटला बोट लावा: भिंतीतल्या वायरिंगमधून अंगावर आलेली ५० हर्ट्झची घुमघुम ऐकू येईल. सप्लायच्या रिपलची गुरगुर १०० हर्ट्झची, कारण ब्रिज दोन्ही अर्धलाटा वापरतो. दोघांत बरोबर एका सप्तकाचे अंतर आहे. ज्याने थोडे गाणे ऐकले आहे त्याला ते दोन-चार दिवसांत ओळखता येते. ५० ऐकू आले तर शील्डिंग पाहा, इनपुटची वायर पाहा, अर्थिंग पाहा. १०० ऐकू आले तर कपॅसिटर पाहा, प्लगमधले व्होल्टेज पाहा. आणि लोड वाढवल्यावर सप्लायचीच गुरगुर १००वरून ५०वर उतरली, तर ब्रिजमधला एखादा डायोड उघडा पडलेला आहे. हे सगळे पडद्यावर लाट न बघता कळते.

तिसरा आवाज मोटरबोटिंगचा, फट-फट-फट असा. त्यात या पुस्तकाचे दोन्ही विषय एकमेकांत गुंतलेले आहेत. आउटपुटचा टप्पा करंट ओढतो, सप्लायच्या वायरीत व्होल्टेज किंचित पडते, ते पडणे पहिल्या टप्प्याला सिग्नलसारखे दिसते, तो ते वाढवून पुन्हा आउटपुटला पाठवतो, आणि चक्र सुरू होते. ब्लॅकची युक्ती इथे उलट्या बाजूने, न बोलावता घरात शिरलेली असते. पहिल्या टप्प्याच्या सप्लायमध्ये १०० ओहमचा रेझिस्टर आणि त्यानंतर १०० मायक्रोफॅरडचा कपॅसिटर घातला की बहुधा हे चक्र थांबते. ग्राउंडच्या वायरीही त्याच कारणासाठी एका ठिकाणी, मोठ्या कपॅसिटरच्या ऋण टोकाशी, वेगवेगळ्या आणून जोडायच्या असतात. स्पीकरचा करंट आणि प्रोबचा ग्राउंड एकाच बारीक वायरीतून नेला तर उत्तम आयसीही गुणगुणू लागतो. ग्राउंडवरचे प्रकरण लांबले आहे याची मला जाणीव आहे. त्यातली एकही ओळ कमी करावीशी वाटली नाही.

बाजारात तयार बक कन्व्हर्टरचे मॉड्यूल चहा-नाश्त्याच्या पैशात मिळते, मग हे सगळे कशासाठी, असे कुणीही विचारील. मोटर फिरवायला, एलईडी लावायला ते मॉड्यूल उत्तम. पण एलएम २५९६सारखा आयसी सुमारे १५० किलोहर्ट्झला चालू-बंद होत असतो, आणि त्याच्या पटी ३००, ४५०, ६०० अशा चढत मीडियम वेव्हच्या सगळ्या पट्ट्यात पसरतात. त्यावर रेडिओ तपासायला बसलात तर तुम्ही सप्लायच ऐकाल. मिलिव्होल्ट मोजणाऱ्या यंत्राला शांत सप्लाय लागतो, आणि जड ट्रान्सफॉर्मरचा, तापणारा, जुन्या वळणाचा लिनिअर सप्लाय शांत असतो.

सामानाविषयी थोडेच. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर आणि पुण्याच्या बुधवार पेठेत यातले सर्व काही मिळते. मात्र नकली आयसी आणि पुन्हा रंगवलेले ट्रान्झिस्टर सगळीकडेच आहेत, तेव्हा प्रत्येक वस्तू लावण्यापूर्वी तपासून घ्या. कसे तपासायचे ते त्या-त्या ठिकाणी दिले आहे. ट्रान्सफॉर्मर आणि हीटसिंक भंगारातल्या यूपीएसमधून, जुन्या टेपरेकॉर्डरमधून काढलेले खुशाल वापरा. कपॅसिटर मात्र नवेच घ्या. इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटर नुसता पडून राहिला तरी म्हातारा होतो.

करंट-मर्यादेचे प्रकरण वगळून पुढे जाऊ नका. एक ट्रान्झिस्टर आणि एक रेझिस्टर, एवढेच सामान आहे: रेझिस्टरवर ०.६ व्होल्ट साठले की ट्रान्झिस्टर आउटपुट आवळतो. ६.८ ओहम घातले तर मर्यादा सुमारे ९० मिलिअँपिअरवर येते. नव्या सर्किटला पहिली वीज नेहमी अशा आवळलेल्या सप्लायनेच द्या; वायर उलटी लागली असली तरी बहुतेक वेळा काही जळत नाही. हाच विचार मेन्सच्या बाजूला आपल्या मेकॅनिकांनी फार पूर्वीपासून केला आहे. सिरीज बोर्डवरचा ६० वॉटचा बल्ब भगभगून पेटला की आत शॉर्ट आहे हे त्यांना मीटर न लावता कळते. सप्लायची पहिली चाचणी आपणही सिरीज बोर्डवरच घेणार आहोत. फिलामेंटचा बल्ब वापरायचा. एलईडीचा चालत नाही.

एक मनाई स्पष्ट लिहितो. मोबाइल चार्जरच्या आणि एसएमपीएसच्या मेन्सकडच्या भागात, तसेच जुन्या टीव्हीच्या जिवंत चॅसिसवर हा प्रोब कधीही लावू नका. प्रोबचा ग्राउंड तुमच्या अर्थला जोडलेला आहे आणि तिथे थेट मेन्स आहे. वाल्वच्या रेडिओवर काम करायचे असेल तर प्रोबमधला कपॅसिटर ६३० व्होल्टचा घाला, आणि दुसरा हात खिशात ठेवा.

पुस्तक वाचताना सोल्डरिंग आयर्न गरम असू द्या. प्रकरणे बांधणीच्या क्रमाने लावली आहेत, आणि एक टप्पा बांधून, मोजून, वहीत आकडे लिहिल्याशिवाय पुढचे प्रकरण फारसे उपयोगी पडणार नाही. तुमचे आकडे माझ्या आकड्यांशी तंतोतंत जुळणार नाहीत; का जुळले नाहीत ते शोधा, कारण तुमचा ट्रान्सफॉर्मर आणि तुमच्या गावचे व्होल्टेज वेगळे आहे. सुरुवात पेटीपासून करा. तीन पिनांचा प्लग घ्या, अर्थची हिरवी वायर पेटीच्या पत्र्याला रंग खरवडून स्क्रूने कसा, फ्यूज फेजच्या वायरीतच घाला, आणि मल्टिमीटर ओहमवर ठेवून प्लगच्या जाड पिनपासून पत्र्यापर्यंत रोध मोजा. तो १ ओहमहून कमी आला, तरच प्लग भिंतीत लावा.